फोटोखालची ओळ

शहाद्याहून सकाळची तोरणमाळ बस.
खिडकीला काच नव्हती, गुडघ्यावर कॅमेरा,
रोलमध्ये उरलेले अकरा फोटो.
सत्त्याण्णव साल. रविवार पुरवणीला
खैरनार साहेबांना 'हिरवं काहीतरी' हवं होतं.

पाड्याच्या मागे पाणी पडत होतं.
खाली बायका धुणं धूत होत्या,
त्यांना मी हातानेच बाजूला व्हायला सांगितलं.
झाल्या.

फोटोखाली ओळ लागते.
परतीच्या बसमध्येच लिहिली, हिसक्यांनी वाकडं झालेलं अक्षर:
'सातपुड्याच्या कुशीतला अनामिक मोरपिसारा.'
अनामिक.
विचारलंच नव्हतं कुणाला.

पुढच्या रविवारी दोन जीपगाड्या आल्या, म्हणे.
मग धुळ्याच्या, जळगावच्या, पार इंदूरच्या.
मग खात्याचा फलक: मोरपिसारा धबधबा, पार्किंग वीस रुपये.
मला पुरस्कार मिळाला; त्यातली शाल
बायको अजून इस्त्रीच्या टेबलावर अंथरते.

अठ्ठावीस वर्षं लिहिलं.
तापीकाठची जत्रा, घोड्यांचा बाजार, गरम पाण्याचे झरे,
केळीच्या बागेतलं मुक्कामघर आणि तिथलं 'अस्सल' भरीत,
ज्याची वांगी भाजायला
नाशिकहून आचारी आणलेला.
नंतर नंतर वाईटही लिहिलं:
बाटल्यांच्या काचांनी चिरलेले म्हशींचे खूर,
ढोलावर नाचायला पोरांना तासाचे किती,
पहाटे आडोसा शोधत
बायकांनी चाललेल्या आणखी दोन टेकड्या.
ते पान सातवर आलं,
हॉटेलच्या जाहिरातीखाली.

निवृत्तीच्या आठवड्यात पुन्हा गेलो.
झीणाबाई मक्याची कणसं भाजत होती,
माझ्याशी अहिराणी, पोराशी पावरी.
तेव्हा बाजूला झालेल्यांतली एक.
फोटोच्या डाव्या कडेला
तिचं कोपर आलं होतं, ते पुरवणीत कापलं.
या कणसांवरच पोरगा बारावी झाला, म्हणाली.
ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

विचारलं, तुम्ही याला काय म्हणायचा, आधी?
तिने निखाऱ्यांवर पुठ्ठा हलवला.
"तुना पेपरमा सगळं उनं ना, भाऊ.
हाई एक ऱ्हाऊ दे आमनाजोडे."
आणि समोरच्या गिऱ्हाइकाला ओरडून म्हणाली:
मोरपिसारा तिकडं, डावीकडं. घसरतं, जपून.

पन्नासची नोट दिली.
तिने वीस परत केले, मोजून.
वहीत तारीख टाकली,
खाली एक ओळ मोकळी सोडली.
पाचची बस पावणेसहाला आली.