दांडिया बाजारात, दांड्याविना

जशुभाईंनी दुकान आवरायला काढलं तेव्हा
लाकडी मुठी आधी गेल्या.
सुताराचा पोरगा पोतं भरून घेऊन गेला,
कपाटांना खुंट्या करायच्यात म्हणे.
उरली रबरं,
बिस्किटाच्या डब्यात, एकमेकांना चिकटलेली,
मिठातल्या कैरीच्या फोडींसारखी.
'लई जाओ, बेन. दांड्याविना शिक्का कोण घेणार?'
मी म्हटलं, दांडिया बाजारात बसून
हे बोलता?
ते हसले नाहीत.
हा विनोद करणारी मी पहिली नसणार.

घरी डबा वर्तमानपत्रावर पालथा केला.
अर्ध्या बडोद्याचं कामकाज, उलट्या अक्षरांत:
अवैतनिक चिटणीस. पोहोचले. नक्कल. खजिनदार.
कुठल्याशा भजनी मंडळाचा गोल शिक्का, मधे वीणा,
तिच्या दोन तारा झिजलेल्या.
एक सही. कुणाची कोण जाणे,
शेवटचा फटकारा मात्र ऐटबाज.

जुन्या टूथब्रशनं घासून
जांभळी शाई काढली, तीन पाण्यांत.
कडा ब्लेडनं तासल्या.
पाठीला फाटक्या चपलेचा स्पंज, त्याला दुहेरी टेप,
आणि मुठीच्या जागी काच:
नणंदेची अत्तराची चौकोनी बाटली, रिकामी,
नाक लावलं तर अजून थोडा मोगरा.

लाकडी मुठीनं मारताना हात आंधळा असतो.
एकतीस वर्षं मारले मी, कोठीतल्या कचेरीत.
कागद कुणाचा, उमटलं कुठे,
बघायला वेळ नसायचा.
ठप्प, पुढचा. ठप्प, पुढचा.
काचेतून दिसतं.
रबर टेकायच्या आधी थांबता येतं,
दोराभर डावीकडे सरकता येतं.
या वयात कळलं, तेही अत्तराच्या बाटलीमुळे.

वीणा कापून घेतली, मंडळ सोडून दिलं.
पतपेढीच्या शिक्क्याची साखळीची कड
लाटण्याला गुंडाळली आणि पोळीसारखी फिरवली:
कागदभर साखळी, कुठे तुटली नाही.
(ते लाटणं आता स्वयंपाकघरात परत जात नाही.
मांडवीहून दुसरं आणलं.)

डब्याच्या तळाशी तोही निघालाच.
नामंजूर.
माझाच असेल असं नाही, असे पुष्कळ होते.
पण माझ्या शिक्क्यातल्या 'जू'चा उकार तुटका होता
आणि याचाही आहे.
गुजरातीत, म्हणजे डोक्यावर रेघ नाही,
अक्षरं सुटी सुटी. कात्री सहज गेली.

'मंजूर' भाचीच्या साखरपुड्याच्या पत्रिकेवर उमटला,
तांबड्या शाईत, साखळीच्या चौकटीत.
शर्वाणी हसली, व्याही हसले, मीही हसले.
'ना' टाकवला नाही.
काडेपेटीत ठेवलाय, कापसावर.
एक शिधये म्हणून होते,
घराच्या वारसनोंदीचा अर्ज घेऊन चारदा आले.
पाचव्यांदा त्यांची सून आली,
तिच्या हातात दोन घरांऐवजी एकाचाच कागद,
आणि वारसांत आणखी एक नाव कमी.
अशा माणसांसाठी कुठलं कार्ड करतात,
मला माहीत नाही.
पाकीट तेवढं करून ठेवलंय.

जशुभाईंनी शटर शेवटचं ओढलं त्या दिवशी
त्यांनाही एक दिलं,
त्यांच्याच रबरांचं:
वीणा, तो अनोळखी फटकारा,
आणि खाली, जरा तिरकं, 'पोहोचले'.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
बराच वेळ बघत राहिले, जणू भाषा परकी.
मग कार्ड पालथं करून बल्बासमोर धरलं
आणि मागच्या बाजूनं वाचलं,
उलट्या अक्षरांत, उजवीकडून डावीकडे,
चव्वेचाळीस वर्षं वाचत आले तसं.
'हां,' म्हणाले,
'आता बराबर वाचता येते.'