होमा

दाभोळच्या जेट्टीवर, तिकीटखिडकीच्या सावलीत,
भर दुपारी मला थंडी वाजली.
धोपाव्याची फेरीबोट जबडा उघडून समोर,
दोन रिक्षा, एक टेम्पो, बर्फाच्या लाद्या,
आणि माझे दात
रिकाम्या डब्यातल्या सुपाऱ्यांसारखे.

हर्णैपासून किनाऱ्याकिनाऱ्याने आले होते.
सॅक नऊ किलोंची, मोजून भरलेली.
दहावा किलो कोणाचा, ते आत्ता कळत होतं.

किगोमाहून निघताना काट्यावर तो दिसला नव्हता.
तीन महिने यकृतात पथारी पसरून,
ना तिकीट, ना पासपोर्टवर शिक्का,
अख्खा समुद्र माझ्या आत झोपून ओलांडला
आणि इथे, खाडीच्या तोंडाशी,
उठून बसला. म्हणाला, आलं का?

टपरीतून एक म्हातारा आला.
शरफुद्दीन सारंग हे नाव मागाहून कळलं.
आधी फक्त तळहात, खरबरीत,
माझ्या कपाळावर नारळ पारखावा तसा.
'होमा,' तो म्हणाला.

मला वाटलं, कुठेतरी होम पेटलाय.
समिधा, तूप, स्वाहा.
तापात शब्द असेच
एकमेकांच्या घरात न विचारता शिरतात.
मग आठवलं. हाच शब्द
नीमा म्हणाली होती, बसथांब्याच्या बाकावर,
माझं डोकं मांडीवर घेऊन,
समुद्राएवढ्या तळ्यावरून वारा येत असताना.
होमा. ताप. एवढंच.

'तुम्हाला कसं माहीत?'
'मोंबासा,' तो म्हणाला. 'चौऱ्याहत्तर साल.
बोटीवर तेलवाला होतो मी.
बोट गेली, मी ऱ्हायलो. सतरा दिवस.'
मग पुढे काही बोलला नाही,
घोंगडी आणायला गेला.
ती मासळीच्या वासाची होती. मी नाक आत घेतलं.

एक फेरी गेली. एक आली.
चौथीनंतर मी मोजणं सोडलं.
कोणीतरी म्हणत होतं, पोरगी एकटीच फिरते,
कोणीतरी म्हणत होतं, आईचा नंबर घ्या.
मशिदीच्या घुमटावर एक कावळा
माझ्याकडे बघत होता, किंवा बर्फाकडे.

आरोग्य केंद्रातल्या पोराने बोट टोचलं,
काचेवर रक्त पसरलं,
आणि आफ्रिका म्हटल्यावर
माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.
गोळ्या चौदा दिवसांच्या. चालणं बंद.

सारंगांच्या ओट्यावर मग पेज आली,
उकड्या तांदळाची, वर मिठाची बोटभर रेघ.
नीमाने दिली होती ती मक्याची,
तिला उजी म्हणतात.
मी ते बोलले तर म्हातारा हसला,
'उजी!' पुन्हा म्हणाला, 'उजी,'
पन्नास वर्षांपूर्वीचं नाणं
खिशाच्या शिवणीत सापडावं तसं.
मग एकेक काढत बसला:
चाय तीच, चपाती तीच, दुकानाला दुका,
आंब्याला एंबे.
समोरच्या कलमावर मोहर होता, एंबे नव्हते.

'तिकडे कोणी सांभाळलं तुम्हाला?'
त्याने पेल्यात पाहिलं.
'होती एक. नाव चांगलं होतं.'
फेरीचा भोंगा वाजला, ते बरंच झालं.

रात्री ताप उतरला तेव्हा
नीमाचा खांगा उशाला होता,
घामाने भिजलेला, लाल, काजूच्या नक्षीचा.
काठाला त्यांच्या भाषेत एक ओळ छापलेली.
सारंगांनी चष्मा लावला,
अक्षर अक्षर बोटाने चाचपडत वाचलं,
आणि अर्थ लागेना.
'सासूबद्दल असणार,' शेवटी ते म्हणाले.
'निम्म्या खांग्यांवर सासूच असते.'

नीमाला मी तीन महिन्यांत
एकही निरोप धाडला नव्हता.
फोन उघडला. चार वाक्यं लिहिली, खोडली.
मग खांग्याच्या काठाचा फोटो काढून पाठवला:
याचा अर्थ काय?

खाली खाडीला भरती लागत होती.
म्हातारा अजून जागाच,
पायरीवर बसून ओठांतल्या ओठांत
कसलीतरी नावं म्हणून बघत होता.