कूस

म्हापशाला, दुसऱ्या मजल्यावर,
मला डाव्या कुशीवर निजवलं.
गुडघे पोटाशी, पाठ उघडी.
कंबरेवर सिस्टर आपोलीनचा गार तळवा.

रात्रभर औषधाचं खारट पाणी पिऊन
मी मानशीसारखा रिता झालो होतो.
चोडणची ती मानस बाबांनी बेचाळीस वर्षं राखली.
एखादी फळी अडली तर मारत नसत,
पाणी फिरेपर्यंत विडी ओढत बसत.

पडद्यावर माझाच गुलाबी बोगदा.
एका वळणावर नळी थबकली.
डॉक्टर शिरवईकरांनी रेटली नाही.
म्हणाले, "आपोलीन, उताणं करा यांना."

वळलो.
आतलं पाणी निमूट दुसरीकडे उतरलं,
हवा वर आली,
मिटलेली भिंत आपसूक उघडली.

परतताना उजवी कूस.
तेव्हा दिसला, इतका वेळ पाण्याखाली बसलेला
मिरीएवढा एक कोंब.
तारेच्या फासात धरून काढला.
मला कळलंसुद्धा नाही.

आता रात्री मी कूस बदलतो
तेव्हा शेवंती अर्धवट झोपेत विचारते, दुखतं का?
नाही गं.
बघतोय, पाणी कुठे जातं.