चासीचा रंग

उद्यमबागेतल्या शेडात टेंपो जॅकवर चढवला
आणि भरमाण्णांनी खालून हाक मारली,
"या की आत, बघा तुमचं सोनं."
पोत्यावर उताणी पडून मी पाहिलं:
डाव्या बीमचा पापुद्रा सुटलेला,
शिळ्या चपातीसारखा, पदर पदर.

नऊ वर्षं म्हापशाहून चोर्ला घाटानं
बांगडा, सौंदाळे, कधी थोडी कोळंबी.
बर्फ वितळतो, मीठ उतरतं,
जांबोटीच्या अलीकडं ठिबकायला लागतं
ते कॅम्पातल्या बाजारापर्यंत थांबत नाही.
लोखंडानं सगळं गपगुमान प्यायलं.

फळीवर तीन डबे.
रेड ऑक्साइड: स्वस्त, उद्या सकाळी गाडी न्या.
डांबरी काळा: दिसायला झ्याक,
पण आत पाणी शिरलं तर बाहेर कळू देणार नाही.
"आमच्या थोरल्या भावासारखा," म्हणाले.
आणि इपॉक्सी, दोन डब्यांचा,
कालवला की थांबायचं नाही,
लावला की घाई करायची नाही.
सात दिवस.

सात दिवस म्हणजे सात पहाटा,
वडगाव-शहापूरची गिऱ्हाइकं
दुसऱ्या पाटीकडं वळलेली.
बोटांवर हिशेब सुरू केला
आणि चौथ्या बोटाला सोडून दिला.

"रंगाचं मागनं बघू.
गंजावर रंग बसत नाही, बसल्यासारखं करतो."
तारेचा ब्रश माझ्याही हातात आला.
सिद्दू पेचकसाच्या मुठीनं ठोकत यायचा,
कान लावायचा, म्हणायचा, "इन्नू ऐती."
अजून आहे.
नाकात तांबूस धूळ, भाकरीला लोखंडाची चव,
इन्नू ऐती.
साडेचारला एका जागी टणक वाजलं,
कुलपावर किल्ली आपटावी तसं.
सिद्दू काहीच बोलला नाही. पुढं सरकला.

मग ठरलं ते असं:
पाणी पडतं त्या दोन बीमना इपॉक्सी,
बाकीच्याला रेड ऑक्साइड, वरनं काळा,
गाडी तीन दिवस उभी.
"डब्यावर सात लिहिलंय," मी म्हटलं.
"डब्याला मासे विकायचे नसतात की."

हात पुसता पुसता ते परत वाकले,
हौद्याच्या भोकात बोट घातलं.
"हे पाणी नेमकं बीमवरच सोडलंय की कोण तरी!"
नऊ वर्षं माझ्या डोक्यात आलं नव्हतं
पाणी कुठून पडतं ते बघावं.
बागेची हिरवी नळी, अडीच फूट,
एक क्लिप. साठ रुपये.
रंगाचे किती झाले ते इथं सांगत नाही.

चौथ्या रात्री, परतीला,
जांबोटीला चहासाठी उतरले आणि खाली टॉर्च मारला.
बीम काळा, कोरडा.
नळीच्या टोकाशी थेंब भरत होता,
लोंबत होता,
सुटून डांबरावर पडत होता,
आणि कुठूनशी एक पिवळी मांजर
तोंड वर करून
पुढच्याची वाट बघत बसली होती.