घट

सहा डब्यांचं पाकीट. एकेका डबीत पन्नास मीटर.
वेइकोनं चष्मा कपाळावर चढवला,
फ्लॉस बोटांना गुंडाळून फूटपट्टीवर ताणला.
माणशी रोज पंचेचाळीस सेंटिमीटर. माणसं दोन.
तीनशे भागिले शून्य दशांश नऊ
म्हणजे तीनशे तेहेतीस दिवस, वर चिमूटभर.
तीन जानेवारीला पहिली डबी फोडली
आणि वहीत लिहिलं: एक डिसेंबरपर्यंत चिंता नाही.

बाहेर उणे एकतीस. सरोवर गोठून पार पांढरं.
अशा दिवशी घरात काहीतरी पुरणार आहे
एवढं कळलं तरी बरं वाटतं.

चाळीस वर्षं तो थंडर बेच्या धान्यकोठारात
वजनकाट्यावर बसला.
प्रेअरीवरून गहू यायचा, जहाजांतून जायचा.
आलेलं आणि गेलेलं कधीच जुळायचं नाही.
मधे एक अरुंद रकाना असायचा, घट.
धूळ, ओल, उंदीर, कबुतरं.
त्याच्याखाली सही त्याची.

वीस ऑगस्टच्या रात्री न्हाणीघरातून हाक आली.
सहावी डबी. चाक नुसतंच फिरतंय.
पायजम्यातच तो स्वयंपाकघरात वही घेऊन बसला.
दोनशे तीस दिवस, दोनशे सात मीटर.
"त्र्याण्णव मीटर गेले कुठे, इर्या?"

टोमॅटो, मी म्हटलं. जूनच्या वाऱ्यानं आडवे झाले होते,
सुतळी गॅरेजात, फ्लॉस खिशात. धर वीस.
वेलचीच्या पावाची कणीक. सुरीनं चेपते ती,
दोऱ्यानं अलगद सुटते. दर शनिवारी हातभर.
तुझ्या तंबूची शिवण.
उसवली होती हे तुला कळलंच नाही,
म्हणजे बरी शिवली असणार.
कायसा आली तेव्हा तिचा पुढचा दात, दाराच्या मुठीला;
मग मण्यांच्या माळा, अख्ख्या गल्लीला वाटल्या तिनं.

तो लिहीत गेला. बेरीज एकाहत्तरावर अडली.
"आणि बावीस?"
मला खरंच आठवेना.
दात कोरून पोट भरत नाही रे, झोप आता.

तो उठला नाही. पेन्सिलीचं टोक चावत म्हणाला,
"मी रविवारी करत नाही."
काय करत नाहीस?
"फ्लॉस. पहिल्यापासूनच. रविवारी सुट्टी."

तेहेतीस रविवार. जवळजवळ पंधरा मीटर
जे वापरलेच नाहीत, आणि तरी डबीत नाहीत.
बावीसचे सदतीस झाले, त्याच्याच तोंडानं.
मी हसायला लागले ती थांबेचना.
एकाच आरशात आम्ही एकेचाळीस वर्षं दात बघतोय.

त्यानं पट्टी घेऊन एक अरुंद रकाना आखला.
घट: सदतीस मीटर.
खाली सही, तारीख.
वही मिटून पेन्सिल सोडली, तशी ती
टेबलाच्या कडेवरून लोंबकळली,
वहीच्या तारेला बांधलेली,
पांढऱ्या, मेणचट, पुदिन्याच्या वासाच्या
वीतभर दोऱ्यानं.
कुणी बांधली,
ते दोघांनीही विचारलं नाही.