हात लावू देणारे

घणसोलीच्या उद्यानात, पाण्याच्या टाकीमागे,
अठरा बाय तीस मीटरचं कुंपण तयार आहे.
पाटीही रंगवून आली : चिमुकल्यांचे प्राणीघर.
फक्त प्राणी ठरायचे आहेत.
मंगळवारी साडेअकराला बैठक,
पशुवैद्य म्हणून मी एका पानाची यादी द्यायची.

अधीक्षक गव्हाणकरांना मोर हवा होता.
मोर नाही ठेवता येत सर, कायदा आहे.
मग पोपट. तोही नाही.
चांदणी कासव? सर, ते तर अजिबात नाही.
"म्हणजे आपल्या मातीतलं काही चालत नाही,"
ते खुर्चीत रेलले,
"आणि ऑस्ट्रेलियाचा इमू चालतो?"
कागदावर चालतो.
इमूची लाथ चार वर्षांच्या मुलाला कुठे लागेल
हे मी बोलून न सांगता
टेबलाची उंची हाताने दाखवली,
मग माझ्या बरगडीवर हात ठेवला.

ससे सगळ्यांनाच हवेत.
सशाबद्दल कोणाचं दुमत नसतं,
ससा सोडून.
मांडीवर तो गप्प बसतो तेव्हा फोटो छान येतो.
तेव्हाच मी त्याच्या छातीला नळी लावून ऐकलंय :
आत कोणीतरी जिना उतरत पळतंय
आणि जिना संपत नाहीये.
ससे खोडले.

बदकं ठेवली,
रोज पाणी बदलणारा माणूस मिळेल या अटीवर.
गावठी कोंबड्या ठेवल्या.
"कोंबडी काय बघायची?" अभियंता हसले.
साहेब, एकविसाव्या मजल्यावरच्या मुलांनी
कोंबडीला राग आलेला कधी पाहिलेला नसतो.

मग तळवलीचे बाळाराम मढवी,
तीस वर्षं झाडांना पाणी घालून
आता पिंजऱ्यांकडे बदली झालेले,
दारातूनच म्हणाले,
"बकरी घ्या मॅडम. पन गरीब नको, आगाव पायजे.
गरीब बकरी सोसत ऱ्हाते, न एक दिस मरते."
ही ओळ इतिवृत्तात घेतली गेली नाही.

आम्ही दोघं महापेला गेलो, बकऱ्या बघायला.
ते प्रत्येकीसमोर उकिडवे बसायचे,
कान ओढायचे, शेपटीला हात लावायचे,
आणि साठीतला माणूस एकदम
बालवाडीसारखा किंचाळायचा.
सहा बकऱ्या थिजल्या. दोन पळाल्या.
एकीने, डावं शिंग मोडकं,
चघळणं न थांबवता त्यांच्याकडे पाहिलं
आणि पाठ फिरवली.
"हीच," ते म्हणाले.

गुरुवारी शेजारची बालवाडी आणली, चाचणी म्हणून.
बकरी आली, आठ-दहा हात सोसले,
मग निघून गेली, भिंतीच्या सावलीत.
निदा नावाची मुलगी राहिली होती.
हात पुढे करून ती उभी, खूप वेळ,
मुठीत शेवग्याचा पाला कोमेजत चाललेला.
बाई म्हणाल्या, आता ही रडणार.
गव्हाणकर म्हणाले, आणा तिला ओढून.
निदाने पाला खाली ठेवला,
नीट, पानपान सारखं करून,
आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.
"तिला नकोय," ती म्हणाली,
आम्हाला कळत नसल्यासारखं.

त्या रात्री यादीत मी एक खोली वाढवली.
मागच्या बाजूला, कौलाची,
मुलांना प्रवेश नाही, जनावरांना कायम.
"हा खर्च कशाखाली दाखवू?" अभियंत्यांनी विचारलं,
"आणि सगळी आतच जाऊन बसली तर
लोक बघणार काय?"
रिकामं कुंपण, मी म्हटलं. थोडा वेळ.
ते बराच वेळ पेन हलवत राहिले.
शेवटी लिहिलं : इतर.

विहित नमुन्यात शेवटचा रकाना
'प्राण्याचा स्वभाव' असा आहे.
सगळे तिथे 'शांत' लिहितात.
क्रमांक चार. बकरी, मादी, डावं शिंग मोडकं.
मी मढवींना विचारलं, स्पेलिंग बरोबर आहे ना?
आगाव.
त्यांनी चष्मा लावून वाचलं
आणि सही माझ्या आधी केली.