मेंढ्याचं शिंग

नारीनच्या इस्पितळात मार्चमध्येही
खिडकीच्या आतून बर्फ धरतो.
जिपारआजी आत आल्या,
म्हणजे दारापर्यंत आल्या. उंबऱ्याशी
डिंकात रुतावेत तसे पाय थबकले.
सून नुरझात मागून म्हणाली, "चला ना, आई,"
तेव्हा त्या हसल्या असाव्यात.
चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

मी हातोडी लगेच काढली नाही.
शेगडीजवळ बसवलं, चहाची वाटी हातात दिली.
ओठांकडे जाताना वाटी स्थिर.
मग ती खाली ठेवली, हात मांडीवर विसावला,
आणि अंगठा नि तर्जनी
नसलेली लोकर वळू लागली.
कामात कापणारा हात वेगळा,
रिकामा असताना कापणारा वेगळा.
इतकं साधं.
मला दोन वर्षं लागली.

मनगट फिरवून पाहिलं:
जुन्या रहाटासारखं दात्यादात्याला अडत गेलं.
"वास येतो?"
"कशाचा?"
नुरझातनं सांगितलं, गेल्या हिवाळ्यात
भट्टीतल्या रोट्यांचा कोळसा झाला
आणि आई शेजारीच बसून होत्या.
जिपार म्हणजे कस्तुरी. हे मी बोलले नाही.

कागद दिला. "गोगलगायीसारखं वळण काढा,
आतून बाहेर."
"हे तर मेंढ्याचं शिंग," त्या म्हणाल्या.
चाळीस वर्षं खडूची रेघही न मारता
नमद्यावर शिंगं कापणारी बाई;
तिच्या सतरंज्यांवर अर्ध्या आत-बाशीची
लग्नं लागली, मुलं रांगली.
कागदावरचं शिंग नखाएवढं,
आणि दर वेढ्याला आणखी आखडत गेलेलं.

जुनी फाइल उघडली. माझंच अक्षर, ऐसपैस:
"उजवा खांदा आखडलेला. वय, ओझी.
मलम. वेदनाशामक, दहा दिवस."
चालताना तो हात तेव्हाही झुलत नसणार.
माझ्या डोळ्यांसमोरून गेला असणार.
दिसणं आणि बघणं यांच्यामध्ये
त्या दिवशी बाहेर बेचाळीस माणसं बसली होती.
हे कारण आहे. माफी नाही.

आजाराचं नाव मी सांगितलं, सावकाश, दोनदा.
बरा होत नाही, हेही.
नुरझात रडली. आजींनी विचारलं,
"कात्री धरता येईल?"
म्हणाले, औषध सुरू करू, मग विचारा.
अर्धी गोळी, दिवसातून तीनदा,
मांस किंवा दूध पोटात जाण्याआधी एक तास.
यावर मात्र त्या आवाज करून हसल्या:
"डॉक्टर, आमच्याकडे मांस आणि दुधाच्या आधी
फक्त झोप असते."

जूनमध्ये कुरणांवर शिबिराला जाताना
वाटेत आत-बाशीला त्यांच्याकडे उतरले.
सुनेला मी सांगून ठेवलं होतं,
उंबऱ्याशी आडव्या चिकटपट्ट्या लावा;
आतली हाक पोचेनाशी झाली, की पायांना
डोळ्यांनी हाक मारावी लागते.
चिकटपट्टी तालुक्याला जाऊन कोण आणणार?
आजींनी नमद्याच्या कापल्या होत्या,
लाल, काळ्या, लाल, काळ्या,
टोकाला एकेक शिंग, वाकडं.
"साडेनऊ ते बारा," नुरझात म्हणाली,
"तेवढाच वेळ कात्री ऐकते."
तेवढाच. पुढे तो आणखी कमी होईल,
मग गोळी वाढवू, मग तिच्याबरोबर दुसरी,
मग मला माहीत असलेलं संपेल.

नातू बेकतूर मोठ्यानं मोजत होता,
आजी पट्ट्या ओलांडत दाराकडे निघाल्या:
एक. दोन. तीन.
चौथीवर थांबल्या.
मी धावले, कोपर धरायला.

पाय अडला नव्हता.
शिंगाचं टोक उसवलं होतं,
ते त्या बघत होत्या,
आणि कपाळावर, इतक्या महिन्यांनी,
स्पष्ट दिसेल अशी नाराजीची आठी.